तूस

सिंदेवाहीच्या राइसमिलमागच्या गोदामात
आमच्या दुसऱ्या अल्बमची नऊ गाणी झाली.
सातांत मी नाही.

म्हणजे होतो तिथेच,
रिकाम्या बारदान्यावर बसून,
जुन्या बनियनने तारा पुसत.

पहिल्या वेळी आम्ही सगळे तारांचेच:
दोन गिटार, एक बेस, मागे डिंपलचा ड्रम.
नाव ठेवलं तुडतुडे,
धानाच्या बुडाशी बसून रस ओढतात ना, तसे
आम्ही गाण्याच्या बुडाशी बसायचो.
नवरगावच्या मंडईत वाजवलं तेव्हा
मागून एक जण ओरडला,
"फवारा मारा बे यायच्यावर!"
ते आम्ही पोस्टरवर छापलं.

मग लोमेशने वडशातून सिंथ आणला.
नाटक कंपनी फुटली होती,
ऑर्गनवाल्याने अकरा हजारांत दिला,
वर झाकायला चादर फुकट.
बटणांवर चिकटपट्ट्या, बॉलपेनची अक्षरं:
वादळ.
कोर्टाची घंटा.
सून पळते.
आणि कोपऱ्यात एकीवर नुसतं,
आई (हळू).
लोमेशने एकही पट्टी काढली नाही.

मी म्हणालो, हे आपलं नाही.
तो म्हणाला, "तुही गिटार तरी
कोन्त्या बांधावर उगवली होती?"
यावर माझ्याजवळ काही नव्हतं.
ती नागपूरची, मामाने दिलेली,
डब्यावर चीन.

खरी गोष्ट वेगळी होती, रात्री कळली.
तार छेडली की सूर तिथूनच मरायला लागतो,
आपण फक्त त्याच्या मरण्याला वळण देतो.
बारा वर्षं मी त्यालाच वाजवणं म्हणत आलो.
आणि हा लोमेश
एक बोट ठेवून चहा पीत बसला होता,
सूर जिवंत,
कप रिकामा झाला तरी जिवंत.
मला राग आला, आणि रागाच्या खाली
दुसरंच काहीतरी आलं.

भिंतीपलीकडे मिल सुरू होती.
तिचा एक सूर आहे, गावाला ऐकू येत नाही
कारण तो कधी थांबत नाही.
लोमेशने तो शोधला, खर्जात,
मशीनला मशीन लावून ठेवली,
आणि प्रणाली गायला लागली
इतकी सावकाश, की मला वाटलं शब्द विसरली.
हवेत तूस उडत होतं.
तिच्या भुवयांवर, डिंपलच्या केसांत,
काळ्या पट्ट्यांवर पिवळी साय.

मी एकाच गाण्यात वाजवणार होतो, शेवटच्या.
तेही नको म्हणाले.
म्हणजे नको असं कोणी म्हटलं नाही,
"पाहू," म्हणाले.
पाहू म्हणजे काय, ते सोयरीक मोडलेल्या घराला विचारा.

पण लोमेशने माझी एक चूक ठेवून घेतली होती.
पट्टी बदलताना बोट तारेवरून घसरतं
आणि एक बारीक चिरका आवाज येतो,
टिटवीच्या पिलासारखा.
तो लपवायला मी किती वर्षं घालवली.
त्याने तेवढाच कापला,
शेपूट तोंडाला जोडलं,
गोल फिरत राहील असा केला,
आणि तीन गाण्यांच्या पोटात सोडला.

तेजराम हमाल दारात पोतं टेकवून ऐकत होता.
"हे कोन रडून राह्यलं, बा?"
कोणी काही बोललं नाही.
मी बोट दाखवलं, म्हणजे माझंच बोट,
टोकावरचं घट्टं.
त्याने आपला खांदा दाखवला.
त्याचं घट्टं मोठं होतं.

पहाटे सगळे झोपले पोत्यांवर.
मी सिंथवरची चादर उचलली.
एक नवी पट्टी होती, पांढरी, अजून न मळलेली,
आईच्या शेजारी.
लोमेशचं गिचमिड अक्षर:
भूपेश (सरकताना).

मी ती दाबली.
मग सोडायचं विसरलो.